पोळ्याचा बार

पोळा आठ दिवसांवर आला की माझ्या नाकात बंदुकीच्या जळक्या दारूचा वास येतो. अकोल्याच्या बाजारात तसलं काही जळत नसतं. तिथं या दिवसांत वास असतो नव्या सुती कासऱ्यांचा, बेगड चिकटवायच्या खळीचा, पावसानं ओलसर झालेल्या गोणपाटांचा. मी पिशवी घेऊन भाजीला निघतो. मातीच्या बैलांच्या रांगा लागलेल्या असतात, लाल गोंडे आणि घुंगुरमाळा टांगलेल्या असतात, आणि माझं नाक भलतंच काही सांगू लागतं. गंधक, कोळसा आणि त्यात करपलेल्या चिंध्यांचा खवट वास. मग भाजी निवडण्यात मन राहत नाही आणि मी किडकी वांगी घेऊन घरी येतो.

यंदा एका दुकानदारानं मातीच्या बैलांशेजारी टिनाची पिस्तुलं मांडली होती. मी त्याला विचारलं, बाबा रे, बैलाच्या सणाला हे कशाला? तो म्हणाला की लेकरं मागतात. शेजारच्यांच्या चिमुरडीनं तसलंच एक घेतलंय. सकाळी मी दात घासायला बाहेर आलो की ती माझ्या पोटावर नेम धरते आणि मी मेल्यासारखं करावं अशी तिची अपेक्षा असते. पहिल्या दिवशी मी रागावलो. तिची आई म्हणाली, मास्तर, तुमी लयच मनाले लावून घेता. खरं आहे, लयच लावून घेतो.

त्यातच परवा डेव्हिडचं पत्र आलं. निळा, घडीचा, हवाई टपालाचा कागद. त्याच्या अमेरिकेतल्या लहानशा गावात एक माणूस रायफल घेऊन किराणा दुकानात शिरला आणि साखर घेत असलेल्या दोघांना त्यानं मारलं. कारण काय, तर कोणालाच ठाऊक नाही. संध्याकाळी लोक चर्चमध्ये जमले, नगराध्यक्ष बोलले, सगळ्यांनी ‘आता पुरे’ म्हटलं, बायका रडल्या. चौथ्या दिवशी बंदुकांच्या दुकानापुढे रांग होती आणि त्या रांगेत चर्चमधलेच चेहरे होते. डेव्हिड लिहितो की त्याला आता दुःख होत नाही, किळस येते. माणसं मेल्यावर किळस यावी याची लाजही वाटते. आणि पत्राच्या शेवटी, दर पत्रात असते तशी, एक ओळ आहे: त्या दिवशी माझ्या प्रश्नाला उत्तर कोणी दिलं होतं, ते तुम्हाला आठवतं का?

चार वर्षं तो हे विचारतोय. चार वर्षं मी त्याला पावसाबद्दल, कापसाबद्दल आणि कोंबड्यांबद्दल लिहितोय.

ते गाव मोर्शीच्या अलीकडे. नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, अरे, ते गाव होय, आणि आपलं गाव सुटलं म्हणून खुशाल होतील. मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. राहायला पाटलांच्या वाड्यामागच्या दोन खोल्या होत्या, फुकट. फुकटच्या छपराखाली राहणाऱ्या माणसाचा कणा थोडा वाकलेलाच असतो. तेव्हा हे मी कबूल केलं नसतं.

डेव्हिड आला तो कोंबड्या घेऊन. सरकारी योजनेत परदेशी तरुण येत, कुणी विहिरींचं काम बघे, कुणी खतांचं. आमच्या वाट्याला कोंबड्यांचा आला. चोविशीतला, उंच, उन्हानं नाक सोललेला. गावानं दोन दिवसांत त्याचा देविदास केला आणि त्यानंही ते आनंदानं मान्य केलं. त्याच्या पांढऱ्याशुभ्र कोंबड्या पाहून म्हाताऱ्या म्हणत की ह्या कोंबड्या नाहीत, बगळे आहेत, ह्यांचं अंडं खाऊ नये. कोणी घेईना. पहिल्यांदा दहा कोंबड्या घेतल्या त्या ग्यानबानं.

ग्यानबा पाटलांचा सालदार. वर्षाच्या बोलीवर राबणारा, चाळिशीचा, अंगानं काटक. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि डेव्हिडला मराठी ‘पाणी’, ‘कोंबडी’ आणि ‘बरं हाये’ एवढंच. तरी दोघं खुराड्यापुढे तासन्‌तास बसत. कोंबडी आजारी पडायच्या आदल्या दिवशी तिचा डोळा बदलतो हे ग्यानबाला पुस्तकाशिवाय कळे. डेव्हिड मला म्हणे, याची नजर माझ्या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा मोलाची आहे. मी हे ग्यानबाला सांगितलं, तर तो लाजून म्हणाला की बैलाचं बी तसंच असते.

श्रावण संपत आलेला. वऱ्हाडातले हे पंधरा दिवस मला फार आवडत. आवडत, असंच म्हणायचं आता. निंदण-डवरण आटोपलेलं, कपाशीला पिवळी फुलं, ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली, संत्र्याच्या बागांत ओल्या मातीचा गारवा. पाऊस येई, जाई, कुणाला घाई नसे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांद शेकत. तूप-हळद कोमट करून जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यांना चोळायची, आणि बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं. जनावराला रीतसर आवतण देणारी ही माणसं. डेव्हिडनं ते पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असं जगात कुठं नसेल, असं तो म्हणाला, आणि मला अभिमान वाटला. दुसऱ्या दिवसाची गोष्ट लिहिताना मला तो अभिमान आधी आठवतो.

आमच्या गावाची एक रीत होती. आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. त्याखाली सगळ्या गावाचे बैल उभे राहत, सगळ्यांत पुढे पाटलांची मानाची जोडी. माणसं एकामागून एक पुढे येऊन झडत्या म्हणत. झडती म्हणजे चार ओळींचं चढाओढीचं कवन; कुणी सावकाराला टोला मारी, कुणी पाटलाला, कुणी सरकारला, आणि त्या दिवशी कुणी रागवायचं नसे. झडती संपली की सगळा जमाव ‘हर हर महादेव’ म्हणून तिला उचलून धरी. शेवटी तोरणावरून बंदुकीचा बार काढत, आणि बार झाला की पोळा फुटला. इतर गावांत तोरण हातानं तोडतात. आम्ही बारानं फोडतो, असं आमचे लोक शेजारच्या गावाला ऐकवत.

बंदूक पाटलांची, ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, वरून गजानं ठासायचं. रानडुकरासाठी असेल तर छर्रे घालायचे, पोळ्यासाठी असेल तर नुसती दारू आणि चिंध्या. बाहेरून ती दोन्ही वेळी सारखीच दिसते. भरलेली बंदूक रिकामी करायची तर उडवण्यावाचून सोपा मार्ग नाही. परवाना पीकसंरक्षणाचा. परवान्यावर माणूस एकच, पाटील. पण रात्री मचाणावर बंदूक घेऊन बसायचा ग्यानबा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणालाच ठाऊक नव्हतं.

आणि अपघात काय आधी झाले नव्हते? परतवाड्याकडच्या एका वरातीत बारानं बँडवाल्याची दोन बोटं गेली होती. खालच्या गावात भावाच्या लग्नात भावाचाच गुडघा गेला. दर वेळी मोर्शीच्या हॉटेलात पंधरा दिवस तेच बोलणं. हे बंद झालं पाहिजे, सरकार झोपलंय काय, बंदुका जमा करा. बशीतून चहा भुरकत लोक इतके संतापत की वाटे, उद्या काही तरी होणार. मीही संतापे. माझा संताप व्याकरणशुद्ध असे. मग चहा संपे, आणि पुढच्या लग्नाची तिथी आली की तीच माणसं विचारत, बार नाही का ठेवला? तेरवीसारखी वरात काढून राहिले काय?

त्या पोळ्याला सकाळी पाऊस पडून गेला होता. दुपारी ऊन आलं. शिंगं हिंगूळ लावून लाल, पाठीवर झुली, कपाळावर बेगडाच्या मठाट्या. आखराची माती पायाला चिकटत होती. मानाच्या जोडीचा कासरा ग्यानबाच्या हातात, तोरणाच्या बरोबर खाली. मी, डेव्हिड आणि पाटील दगडी चौथऱ्यावर. माझी बायको कमला बायकांत, मागे. चौथऱ्यापासून ग्यानबा दहा पावलांवर असेल.

झडत्या संपत आल्या तेव्हा पाटलांच्या मुलानं, त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत, बंदूक आणली. पाटलांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून डेव्हिडपुढे केली. पाहुण्याला मान. गावानं टाळ्या वाजवल्या. पाटील म्हणाले, “मास्तर, साहेबाले सांगा, यंदाचा बार त्यायच्या हातचा. त्यायच्या मुलखात तं लेकरंबी बंदूक चालवतात म्हणते.”

मी सांगितलं. डेव्हिड पांढरा पडला. मग तो बोलू लागला, हळू, पण बराच वेळ. तो म्हणाला की गर्दीत तो बंदूक उडवणार नाही. त्याचा मोठा भाऊ सतरा वर्षांचा असताना मित्राच्या स्वयंपाकघरात रायफलची गोळी लागून गेला. ती रायफल रिकामी आहे असं घरातला प्रत्येक जण सांगत होता, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं पाहिलंय. तो म्हणाला, या लोकांचा अपमान करायचा नाही मला. पण कृपा करून त्यांना विचारा: ही कोणी भरली, आणि कशानं भरली? सगळ्यांदेखत विचारा. ज्यानं भरली त्याला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या.

“साहेब काय म्हणून राहिले, मास्तर?” पाटलांनी विचारलं.

वऱ्हाडी माणूस तोंडावर बोलतो अशी आमची ख्याती आहे. पुण्याची माणसं दचकतात म्हणे. बोलतो आम्ही, पण बरोबरीच्यापाशी. ज्याच्या छपराखाली झोपतो त्याला शेपाचशे माणसांपुढे ‘तुमची बंदूक कोणी भरली’ म्हणून विचारायचं म्हणजे त्याच्या हाताखालच्या कारभारावर शंका घ्यायची, आणि सणाच्या दिवशी, आणि तेही परक्याच्या वतीनं. आमच्यात नकार उघडा देत नाहीत; त्याच्यावर काही तरी पांघरूण घालतात. उपास आहे, अंग मोडून आलंय, घरी सोयरे आलेत. मी तेच केलं. मला वाटलं मी दोन्ही बाजूंची अब्रू राखली.

“साहेबांचा खांदा दुखून राहिला,” मी म्हणालो.

मागून कोणी तरी ओरडलं, “मंग काल बैलाच्या रांगेत उभं कराले पाह्यजे होतं, खांद शेकून देल्ली असती.” सगळा आखर हसला. पाटील हसले. ग्यानबा हसला; त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते ते मला दिसले. डेव्हिडनं माझ्याकडे वळून विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, सगळं ठीक आहे म्हणतात. त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि हसऱ्या माणसांकडे बघून तोही हसला.

भाऊसाहेबानं बंदूक परत घेऊन वर धरली. बैलानं मान झटकली की गर्दी सरकली, कोणास ठाऊक. नळी खाली आली आणि बार झाला. धूर. तोच वास. नुसत्या दारूचा आवाज पसरट असतो, हा आवाज टणक होता. बैल उधळले, कासरा ग्यानबाच्या हातात नव्हता. तो गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही तळवे चेहऱ्यावर, आणि बोटांमधून रक्त येत होतं. बैलांच्या पायाखाली येऊ नये म्हणून त्याला दोघांनी ओढलं. लांबच्या लोकांना काही कळलं नव्हतं. पोळा फुटला म्हणून त्यांनी नगारा धरला आणि तो बराच वेळ वाजत राहिला.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात जीव वाचला. डोळे दोन्ही गेले.

हळूहळू सगळं उलगडलं, आणि उलगडलं तेव्हा ते अगदीच क्षुल्लक होतं. आदल्या रात्री ग्यानबानंच मचाणावर छर्रे घालून बंदूक भरली होती. डुकरं आली नाहीत. पहाटे त्यानं ती वाड्यात खुंटीला टांगली. दर पोळ्याला पाटील सकाळी ती मळ्यात उडवून रिकामी करत आणि नव्यानं नुसती दारू भरत. यंदा केलीच असेल, असं ग्यानबाला वाटलं. पाटलांना वाटलं भाऊनं, म्हणजे मुलानं, केली. भाऊनं गज आत घालून पाहिला, भरलेली आहे. त्याला वाटलं बाबांनी भरली. तीन माणसं, एक बंदूक, आणि प्रत्येकाचं ‘वाटलं’. डेव्हिडचा प्रश्न मी मोठ्यानं विचारला असता, तर दहा पावलांवरून ग्यानबानं कासरा न सोडता सांगितलं असतं.

कमलानं त्याच रात्री मला विचारलं, “साहेब येवढं लांबलचक बोलले, आन् तुमी येवढंसंच काहून सांगतलं?” मी म्हणालो, इंग्रजी भाषा लांबच असते. तिनं माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि आत गेली.

पंचनामा झाला. पंच म्हणून सही माझी, अक्षरही माझं, सुंदर आहे म्हणून. मजकूर पाटलांनी सांगितला: सालदारानं मालकाच्या नकळत बंदूक नेली, भरली आणि न सांगता ठेवून दिली. ‘नकळत’ हा शब्द लिहिताना माझी लेखणी अडली नाही. दवाखान्यात पट्ट्या बांधलेल्या ग्यानबाचा अंगठा घेतला. तो म्हणाला, “लेहा मास्तर. भरली तं म्याच होती.” त्याची बायको सुभद्रा उशाशी उभी होती, ती माझ्याकडे बघत राहिली. तिनं मला कधी काही म्हटलं नाही आणि मी तिच्या दारावरून जायचं सोडलं.

पुन्हा मोर्शीचं हॉटेल, पुन्हा पंधरा दिवस. या वेळी तर गावानं अर्जही केला, बार कायमचा बंद करावा म्हणून. तो मीच लिहिला. सत्तर-ऐंशी सह्या झाल्या. मग सोयरेधायरे, ओळखीपाळखी, आणि दसऱ्याच्या आत बंदूक ठाण्यातून सुटून आली, कारण दसऱ्याला तिची पूजा असते. वाड्याच्या ओसरीवर तलवार, वखराची पास, विळे आणि मधोमध ती. झेंडूची माळ, हळदकुंकू. अर्जावर सही केलेले लोक येत होते, आपट्याची पानं ठेवत होते, हात जोडत होते. मी खोलीच्या दारातून पाहत होतो. नळीच्या तोंडावर कुंकवाचं बोट उठलेलं होतं. मी मागं जाऊन थुंकलो, आणि मग तोंड धुऊन, धोतर नेसून, पाटलांना सोनं द्यायला गेलो.

डेव्हिड कुणाशी बोलेनासा झाला. एका संध्याकाळी खुराड्याशी बसला असता त्यानं मला त्याच्या घरची गोष्ट सांगितली. त्याच्या वडिलांच्या बैठकीत बंदुकांचं कपाट होतं, काचेचं. थोरला मुलगा बंदुकीनं गेला तेव्हा आईनं रागानं भांडं फेकून ती काच फोडली. वडिलांनी महिन्यानं नवी काच बसवून घेतली. तो म्हणाला, आमच्याकडे लोकांना राग येत नाही असं नाही, खूप येतो, पण तो राग आम्ही जपून वापरतो, दर वेळी तेवढाच, आणि मग जागेवर ठेवून देतो. त्याच सुमारास त्याच्या देशातली मोठमोठी माणसं गोळ्यांनी गेली होती, आपल्या वर्तमानपत्रांतही छापून आलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यावर चर्चा झाली, ते लोकच हिंस्र, त्यांची संस्कृतीच तसली, असं ठरलं. मी त्या चर्चेत मान डोलावली होती हे मी डेव्हिडला सांगितलं नाही.

मग त्यानं विचारलं, माझा प्रश्न तुम्ही विचारलात ना?

हो, मी म्हणालो.

मग उत्तर कोणी दिलं? नुसती दारू आहे असं कोण म्हणालं?

मी म्हणालो, गर्दी होती, नीट दिसलं नाही. मुदत संपायच्या आधीच तो परत गेला. निघताना ग्यानबाच्या पायाशी बसला, त्याचे हात हातात धरून, आणि त्याला येत होते तेवढे मराठी शब्द बोलला. पाणी. कोंबडी. बरं हाये. या गावात कोणी तरी त्याच्या तोंडावर खोटं बोललं एवढं तो घेऊन गेला. कोण, ते त्याला ठाऊक नाही, म्हणून तो विचारतो.

आता वर्ष उलटल्यावरचा पोळा. अर्ज कुठल्या कागदांत गेला, देव जाणे. चार दिवस आधी पाटलांनी मला बोलावून घेतलं. चेहरा प्रसन्न. त्यांना एक कल्पना सुचली होती आणि पंचमंडळींना ती फार आवडली होती. ग्यानबाचं नुकसान झालं, गाव त्याचं देणं लागतं. तेव्हा यंदा बाराचा मान ग्यानबाला. पाटलाच्या घरचा मान सालदाराला, असं कधी झालंय का? मी काय बोललो? मी म्हणालो, चांगलं आहे. एवढं मोठं मन आहे, असंही म्हणालो बहुतेक.

ग्यानबाला नवं धोतर, नवा फेटा. सुभद्रानं त्याला हाताला धरून चौथऱ्यापर्यंत आणलं आणि ती मागे न जाता तिथंच उभी राहिली. वर्षभरात तो आणखी वाळला होता. कोंबड्या त्यानं सोडल्या नव्हत्या; आवाजावरून एकेक ओळखायचा, अंडं हातात घेऊन ऊब पाहून सांगायचा केव्हाचं ते. भाऊसाहेबानं बंदूक त्याच्या हातांत दिली. दोघांनी त्याची कोपरं धरून नळी आभाळाकडे केली. लोक कौतुकानं बघत होते. कुणी तरी डोळेही पुसले.

ग्यानबानं नळीवरून हात फिरवला, थेट तोंडापर्यंत. मग तो मोठ्यानं म्हणाला, “कोनं भरली हे? आन् काय भरलं?”

नगारा थांबला. आखरावर बैलांच्या घुंगरांचाच आवाज. भाऊसाहेब हसत म्हणाला, “म्याच भरली, ग्यानबा. नुसती दारू हाये.”

“मांगच्या सालीबी नुसती दारूच होती,” ग्यानबा म्हणाला.

त्यानं ते सरळ म्हटलं होतं, पण आखर तो, दिवस तो, आणि चौथऱ्यावर उभ्या माणसाचं बोलणं लोकांना झडतीच वाटणार. टोला तर होताच त्यात, आणि त्या दिवशी टोल्याला राग नसतो. आधी एक-दोन हसले. मग कोणी तरी सुरुवात केली आणि सगळा जमाव हात वर करून गरजला, ‘हर हर महादेव’. ग्यानबा काही तरी आणखी बोलत होता. त्याचे ओठ हलत होते, सुभद्राला कदाचित ऐकू आलं असेल. भाऊसाहेबानं त्याच्या हातातून बंदूक अलगद काढून घेतली, वर धरली आणि बार काढला. पोळा फुटला. मी चौथऱ्यावर ग्यानबाच्या शेजारीच उभा होतो. माझाही हात वर होता आणि ‘महादेव’ माझ्याही तोंडात होतं.

त्याच हिवाळ्यात मी अकोल्याला बदली मागून घेतली. त्या गावात अजून बार काढतात. अमेरिकेत काय चाललंय ते डेव्हिडच्या पत्रांत असतं. इथं काय चाललंय ते माझ्या पत्रांत नसतं. कमलानं आज निळा कागद माझ्यापुढे आणून ठेवला आणि म्हणाली, या वेळी कोंबड्याइचं लेहू नका. त्याला इंग्रजीत काय लिहायचं ते मला ठाऊक आहे: उत्तर कोणी दिलं नाही, कारण प्रश्न मी विचारलाच नाही. ते लिहीन. पण त्याआधी एक उत्तर माझ्याकडून मराठीतही यायचं राहिलंय. पाटलांनी मला सगळ्यांदेखत विचारलं होतं, साहेब काय म्हणून राहिले?

पाटील, साहेब विचारून राहिले का हे बंदूक कोनं भरली, आन् काय भरलं. ग्यानबा तिथंच उभा होता, दहा पावलांवर.